आमच्या मुलांवर प्रयोग करायचा असेल, तर प्रयोगच करा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
तसेच अन्न व औषध प्रशासन आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद यांचे पदाधिकारी

विषय : मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांच्या नावाखाली चाललेली विक्री थांबवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयाबाहेर नुकताच एक फलक लागला. मोफत तपासणी शिबिर. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता (ऑटिझम), मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मणक्याची दुखापत, लकवा. स्टेम सेल थेरपीने नवे जीवन. खाली नावनोंदणीचा मोबाईल नंबर. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, शरीरातल्या इतर पेशी ज्यांपासून तयार होतात त्या मूळ पेशी. त्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून आईबाप मुलांना कडेवर घेऊन, भाड्याच्या जीपमधून आले. त्यांतली दोन मुले माझ्या माहितीतली होती. तपासणी मोफत होती, पण पुढच्या पॅकेजचे दरपत्रक हातात देऊनच त्यांना परत पाठवले. हे पत्र त्या शिबिरामुळे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी आहे. या आजारात स्नायूंना धरून ठेवणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही. दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, म्हणून आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि पुष्कळदा आईकडून येतो. मूल उशिरा चालायला लागते, पोटऱ्या जाड दिसतात, जमिनीवरून उठताना ते स्वतःच्या मांड्यांवर हात रोवून उठते. दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणे थांबते. पुढे हृदय आणि श्वास. माझा थोरला भाऊ विशीच्या आतच गेला. घरात सगळे त्याला अशक्तपणा म्हणत. त्याला काय झाले होते ते आम्हाला माझ्या मुलाचे निदान झाले तेव्हा कळले.

मुलगा नऊ वर्षांचा असताना, कठडा धरून जिना चढत होता तेव्हा, एका मोठ्या शहरातल्या खासगी केंद्रात आम्ही त्याच्यावर मूलपेशी उपचार करून घेतले. केंद्राचे नाव लिहीत नाही. अशी केंद्रे अनेक आहेत आणि एकाचे नाव घेतले की बाकीची सुटतात. शिक्षक पतसंस्थेचे कर्ज आणि सासूबाईंच्या पाटल्या मिळून साडेतीन लाख रुपये भरले. त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढली, यंत्रात फिरवून तिच्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्याच दिवशी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडल्या. थोड्या मांड्यांच्या स्नायूंत टोचल्या. पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ कसून फिजिओथेरपी. घरी सोडायच्या दिवशी त्याला उभे करून व्हिडिओ काढला. काही महिन्यांनी फोन आला की पहिल्या डोसचा परिणाम टिकवायचा असेल तर दुसरा घ्यावा लागेल. अकराव्या वर्षी मुलाचे चालणे थांबले, या आजारात थांबते तसेच.

डिस्चार्ज कार्ड माझ्यापुढे आहे. मुलाला किती पेशी दिल्या, त्यांतल्या किती जिवंत होत्या, कोणत्या प्रकारच्या होत्या, याचा एकही आकडा त्यावर नाही. संमतीपत्र इंग्रजीत होते आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी, मुलाला आत नेताना, सहीसाठी पुढे केले होते. नंतर त्याची तपासणी करून नोंद ठेवायला कोणी बोलावले नाही.

माझी मुख्य तक्रार इथेच आहे आणि पैशांपेक्षा ती मोठी आहे. माझ्या मुलावर जे केले तो उपचार नव्हता, कारण तो उपयोगी पडतो याचा पुरावा नव्हता. तो प्रयोगही नव्हता, कारण कोणी काही मोजले नाही, लिहिले नाही, तपासले नाही. त्याने सुया सोसल्या आणि त्यातून पुढच्या मुलाच्या कामी येईल असे काहीही कोणाला कळले नाही. महाराष्ट्रात अशा किती मुलांच्या मज्जा काढल्या गेल्या, किती जणांना काय झाले, किती जणांना अपाय झाला, हे सांगणारी नोंदवही सरकारकडे असेल तर ती प्रसिद्ध करा.

मी मूलपेशी संशोधनाच्या विरोधात नाही. आमच्यासारख्या आयांचे डोळे त्या संशोधनाकडेच लागलेले असतात. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले, तेही मूलपेशींवरच आधारलेले होते. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया यांसाठी ते आज प्रस्थापित उपचार आहेत आणि त्यांनी मुले वाचतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने ॲसिडने किंवा चुन्याने भाजलेल्या डोळ्यांसाठी बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी वापरण्याची पद्धत बसवली, ती जगभर शिकली गेली. तंबाखूशी जोडलेल्या बर्गर आजारात पायाची बोटे सडतात, त्यावरच्या बेंगळुरूच्या एका कंपनीच्या मूलपेशी औषधाला देशाच्या औषध महानियंत्रकांनी चाचण्यांनंतर परवानगी दिली. म्हणजे सरळ वाट आपल्याच देशात आहे आणि तिच्यावरून चालणारे लोकही आहेत.

सिकलसेलचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. गडचिरोली, नंदुरबार आणि साऱ्या विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान् पिढ्या आहे. त्यावरच्या नव्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात मान्यता दिली. त्यातही रुग्णाच्याच मूलपेशी घेतात. पण त्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांच्या जनुकात नेमका बदल करतात, म्हणजे बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनते ते पुन्हा बनू लागते. मग केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करून बदललेल्या पेशी परत देतात. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. गडचिरोलीच्या मुलापर्यंत तो कधी पोहोचेल हा वेगळा आणि फार मोठा प्रश्न आहे. पण तो काम का करतो, हे सांगता येते.

माझ्या मुलाच्या पेशींत कोणी काय बदलले? काहीच नाही. ज्या जनुकात दोष आहे तो दोष त्याच्या मज्जेतल्या प्रत्येक पेशीतही आहे. मज्जेतल्या मूलपेशी रक्त तयार करतात. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडल्या म्हणून त्या मांडीचा स्नायू होत नाहीत, आणि झाल्या तरी तो स्नायू डिस्ट्रोफिन कुठून आणणार? एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी कागदावर आकृती काढून मला हे दहा मिनिटांत समजावले. आमच्याकडून पैसे घेणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत नव्हते, असे मी मानू शकत नाही.

आता तुमच्या अखत्यारीतल्या गोष्टी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मूलपेशींबाबत २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०१३ आणि २०१७ मध्ये ती सुधारली. मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णावर मूलपेशींचा वापर करणे अनैतिक आहे आणि तो गैरव्यवहार समजला जाईल, असे त्यांत स्वच्छ म्हटले आहे. अपवाद आहे तो रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतल्या मज्जा प्रत्यारोपणाचा. पण ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. ती मोडणाऱ्याला शिक्षा करायची तर दुसऱ्या कुठल्या तरी कायद्याचा आधार शोधावा लागतो. इतकी वर्षे गेली, तरी हे दार उघडेच आहे.

त्यातली मोठी फट औषधाच्या व्याख्येत आहे. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांबाबतचे २०१९ चे नियम मूलपेशींपासून केलेले उत्पादन नवे औषध मानतात, पण पेशींवर बरीच प्रक्रिया केली असेल तरच. मज्जा काढली, नुसती फिरवली, त्याच दिवशी परत टोचली, की केंद्र म्हणते : आम्ही औषध बनवतच नाही, ही फक्त एक वैद्यकीय प्रक्रिया आहे. औषध नाही म्हटल्यावर औषध निरीक्षक हात वर करतात. प्रक्रिया आहे म्हटल्यावर प्रश्न वैद्यक परिषदेकडे जातो. परिषदेकडे जायचे तर एका विशिष्ट डॉक्टरविरुद्ध, कागदपत्रांसह, तक्रार हवी; आणि कागदपत्रे तर केंद्राकडेच असतात. मी स्वतः तक्रार घेऊन गेले तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले. ती कार्यालये कोणती ते इथे सांगत नाही, कारण तिथले कर्मचारी बदलले तरी उत्तर हेच मिळेल.

पण शिबिराच्या फलकाचे काय? तिथे तर कसलीच फट नाही. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा औषधे व जादूटोणासदृश उपायांचा कायदा १९५४ पासून आहे. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत लकवा आहे, मेंदूचे विकार आहेत. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढू नयेत, असे वैद्यकीय वर्तनाचे २००२ चे विनियमही सांगतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचार करू नयेत, अशी स्पष्ट शिफारस केली. तरी फलकावर लकवाही आहे, स्वमग्नताही आहे, आणि फलक भर रस्त्यात आहे. तो वाचायला प्रयोगशाळा लागत नाही.

शुल्काबद्दलही बोलायला हवे. प्रयोग असेल तर त्यात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात, उलट त्याला इजा झाली तर भरपाई द्यायची असते. चाचणी सुरू होण्याआधी भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणीत तिची नोंद करणे २००९ पासून सक्तीचे आहे. हल्ली काही केंद्रे 'आमचा अभ्यास सुरू आहे' असे सांगतात आणि त्याच श्वासात पॅकेजचा दर सांगतात. हे दोन्ही एकत्र खरे असू शकत नाही. आईबापांना हे कुठे सांगितले जाते? माझ्या मुलाच्या वेळी मला कोणी सांगितले नाही, आणि मी तर शिकलेली, रोज वाचणारी बाई आहे.

'स्वतःच्याच पेशी, त्यामुळे अपाय नाही' हे वाक्य प्रत्येक केंद्रात ऐकू येते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने तीन स्त्रियांच्या पोटाची चरबी काढून तिच्यातल्या पेशी त्यांच्या डोळ्यांत टोचल्या. स्वतःच्याच पेशी. तिघींची दृष्टी गेली किंवा जवळपास गेली. हे २०१७ मध्ये तिथल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दुसऱ्याच्या पेशी वापरल्याचेही उदाहरण आहे : एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भातल्या मेंदूपेशी दिल्या, आणि काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि कण्यात त्या दात्यांच्या पेशींपासूनच गाठी वाढलेल्या आढळल्या. ही प्रकरणे कळली, कारण तिथे कोणीतरी नोंद केली. आपल्याकडे काही घडलेच नाही, की कोणी लिहिले नाही?

आणि नीट काम करणारे कसे वागतात तेही पाहा. जपानमध्ये २०१४ साली मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने रुग्णाच्या त्वचेपासून बनवलेल्या पेशींचा पडदा तिच्या डोळ्यात बसवला. जगात तसे पहिल्यांदाच घडत होते. दुसऱ्या रुग्णासाठी पेशी तयारही झाल्या, पण त्यांत जनुकीय बदल दिसले, म्हणून ते थांबले. पहिल्या यशानंतर सगळे जग पाहत असताना ते थांबले. १९९८ मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्यावर पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षे वाद चालला की भ्रूण नष्ट करण्याचा अधिकार कोणाला. त्या वादाला मी कमी लेखत नाही. आपल्याकडेही उरलेले भ्रूण दात्यांच्या संमतीनेच वापरावेत आणि चौदा दिवसांपुढे वाढवू नयेत असे बंधन आहे. जपानचे शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी त्वचेच्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे करून दाखवल्यावर भ्रूणावाचूनही पुष्कळ काम होऊ लागले, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पण महाराष्ट्रातल्या आयांपुढचा नैतिक प्रश्न प्रयोगशाळेतला नाही. एखाद्या हताश घराला पुरावा नसलेली गोष्ट उपचार म्हणून विकावी का, आणि ती विकली जात असताना सरकारने पाहत राहावे का, एवढाच तो आहे.

गर्भनाळेच्या रक्तातही मूलपेशी असतात. त्याबद्दल फार लिहीत नाही. प्रसूतीच्या तारखेआधी घरोघर फोन करून 'बाळाचा जैविक विमा' विकणाऱ्या खासगी पेढ्या आहेत, आणि स्वतःच्या पुढच्या वापरासाठी ते रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे म्हणणे आहे. जनुकीय आजारात तर त्या रक्तातही तोच दोष असतो. माझ्या बहिणीला असाच फोन आला होता. आमच्या घरात डीएमडी आहे हे ऐकून तिला सांगितले गेले, की मग तर तुम्ही साठवायलाच हवे.

म्हणून माझ्या मागण्या.

राज्यात मूलपेशींच्या नावाने उपचार देणाऱ्या प्रत्येक केंद्राची यादी तीन महिन्यांत करून प्रसिद्ध करा : कोणत्या आजारासाठी, कोणत्या परवानगीने, किती शुल्क घेऊन, आजवर किती रुग्णांवर. शुश्रूषागृहांची नोंदणी राज्याच्याच कायद्याखाली होते. महापालिका आणि जिल्हा शल्यचिकित्सक नोंदणीचे नूतनीकरण करताना हा एक प्रश्न विचारू शकतात. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

फलक, शिबिरे, व्हिडिओ आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींवर अन्न व औषध प्रशासनाने १९५४ च्या कायद्याखाली स्वतःहून कारवाई करावी. आईबापांच्या तक्रारीची वाट पाहू नये. ज्यांचे मूल आजारी आहे ते तक्रार करत बसत नाहीत, ते पुढचा दवाखाना शोधत असतात.

वैद्यक परिषदेने चाचणीबाहेर मूलपेशी देणाऱ्या डॉक्टरांची स्वतः दखल घ्यावी, आणि रुग्णाला पेशींची संख्या, प्रकार व तपासणी अहवाल मराठीतल्या पत्रासह देणे बंधनकारक करावे. घेतलेले पैसे परत मिळण्याची सोपी वाट असावी.

'किमान प्रक्रिया' ही सबब बंद करण्यासाठी आणि राष्ट्रीय तत्त्वांना कायद्याचे बळ देण्यासाठी राज्य सरकारने केंद्राला लेखी कळवावे आणि ते पत्र लोकांना वाचायला द्यावे.

प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, बाल विभागात आणि अपंगत्व प्रमाणपत्राच्या खिडकीपाशी मराठीत एक ठळक सूचना लावा : कोणत्या आजारांत मूलपेशी उपचार मान्य आहेत, कोणत्यांत नाहीत, आणि पैसे मागितले तर कुठे कळवायचे. शाळेत मुले तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्याकडेही हा कागद द्या. आशाताईंना सांगा. ज्या घरात निदान होते त्या घरात पहिल्या आठवड्यात कोण पोहोचते, यावर पुढचे सगळे ठरते. आज तिथे आधी दलाल पोहोचतो.

आणि आमच्या मुलांना खरोखर लागते ते द्या. योग्य वयात स्टिरॉइड, हृदयाची आणि श्वासाची नियमित तपासणी, सांधे आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी, मापाची चाकाची खुर्ची, आईची आणि मावशांची जनुकीय तपासणी. यातले बहुतेक स्वस्त आहे. डीएमडीच्या मुलाचे आयुष्य यानेच वाढते, हे मला मुलाच्या निदानानंतर कित्येक वर्षांनी कळले, कारण मुंबई-पुण्याबाहेर ते एका छताखाली मिळत नाही. विभागीय पातळीवर एक तरी स्नायूविकार बाह्यरुग्ण विभाग सुरू करा.

शेवटची मागणी संशोधनाची. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून, नोंदवलेल्या, नीतिसमितीने तपासलेल्या, विनाशुल्क चाचण्या होऊ द्या आणि त्यांना पैसे द्या. निकाल वाईट आला तरी छापा. अशा चाचणीसाठी आमच्यासारखे पालक शेकड्यांनी येतील. माझा मुलगा सगळे समजून घेऊन स्वतः हो म्हणाला, तर मी त्याला घेऊन येईन, आणि त्याचा त्याला उपयोग होणार नाही असे आधी सांगितले तरी येईन.

माझ्याकडचे डिस्चार्ज कार्ड, पावत्या, संमतीपत्राची प्रत आणि व्हिडिओ मी चौकशी अधिकाऱ्यांना द्यायला तयार आहे. आमच्या गटातल्या इतर पालकांनीही कागद जपून ठेवले आहेत. कोणाकडे द्यायचे, त्या अधिकाऱ्याचे नाव आणि पद जाहीर करा.

आपली,
डीएमडी असलेल्या मुलाची आई
जिल्हा परिषद शिक्षिका, सोलापूर जिल्हा